ठमाबाई नातं काढतात

पिंपळीच्या ठमाबाई खलाट्यांची पिठाची गिरणी आहे. त्या गिरणीतनं दोन गोष्टी निघतात. एक पीठ आणि दुसरं नातं. पीठ कधी जाडं निघतं, कधी बारीक, कधी आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पुढच्याच्या गव्हात उतरते. नात्याच्या बाबतीत मात्र असला घोळ ठमाबाईंच्या हातून तीस वर्षांत एकदाही झालेला नव्हता.

गिरणी चालू असली की माणसाला ओरडूनच बोलावं लागतं. ठमाबाई गिरणी बंद असतानाही ओरडतात. देवळात ओरडतात, फोनवर ओरडतात, आणि कानगोष्ट सांगायची असली की पदर तोंडाला लावून ओरडतात. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. नवं माणूस गिरणीच्या पायरीवर आलं की ती पांढरी पापणी वर होते आणि तीन प्रश्न बाहेर पडतात.

"आडनाव काय? गाव कंचं? मामा कुठलं?"

पहिल्या दोन प्रश्नांतून माणूस निसटू शकतो. एकच आडनाव छप्पन्न गावांत सापडतं, आणि गाव तर लोक सदरा बदलावा तसं बदलतात. पण मामा कुणाला बदलता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला माणूस अलगद हातात येतो.

एकदा विजेच्या मीटरचा आकडा लिहायला एक पोरगा आला. त्याचा मामा ठमाबाईंच्या धाकट्या नणंदेच्या जावेचा भाऊ निघाला. पोरानं चहा घेतला, वर भाकरी खाल्ली, पाच किलो पीठ घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत येऊन लाजत म्हणाला, "मावशी, आकडा लिव्हायचा ऱ्हायला."

एकदा कार्ड विकणाऱ्या पोरीचा फोन आला. "मॅम, मैं निकिता बोल रही हूँ." ठमाबाई ओरडल्या, "बोल की निकिता. मामा कुठलं तुजं?" आठव्या मिनिटाला निकिता मराठीत आली. अकराव्या मिनिटाला तिचा मामा निमगाव केतकीत सापडला. दिवाळीला निकिता आईला घेऊन फराळाला आली, चकल्यांना नावं ठेवून गेली. कार्डाचा विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही.

ठमाबाईंचे यजमान दत्तोबा ऊस करतात, कारखान्याचे सभासद आहेत आणि बोलत नाहीत. घरातलं सगळं बोलणं ठमाबाईच संपवतात, त्यामुळं दत्तोबांच्या वाट्याला फक्त "हां" उरलेला आहे. तो मात्र त्यांनी छान कमावलाय. होय म्हणायचा "हां" वेगळा, नाही म्हणायचा वेगळा, आणि "तू बोल, मी झोपतो" असा एक लांबट "हां" आहे तो वेगळा.

आता नात्यांची एवढी मोठी खाण घरात असताना या घरातला मुलगा एकोणतीस वर्षांचा होईस्तोवर बिनलग्नाचा का राहावा? तर राहिला तो त्या खाणीमुळंच.

युवराज लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. पगार वेळेवर, केस जाग्यावर, व्यसन क्रिकेटचं. मुली सांगून येत होत्या. घराण्यातले थोरले म्हणजे दत्तोबांचे मोठे भाऊ जयवंतआबा. "एकच सांगतो" म्हणून सुरुवात करतात आणि तीन गोष्टी सांगतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "एकच सांगतो. पोरगी आपल्यातलीच पायजे. आन दिसाया बरी पायजे. आन लांबची नगं, जाया-याया तरास हुतो."

'आपल्यातली' या शब्दावर कुणाचाच वाद नव्हता. पण मुलगी आली की ठमाबाई नातं काढायला बसायच्या. पहिली मुलगी चांगली होती. ठमाबाईंनी खणलं, तर दोन्हीकडचं देवक एकच निघालं. देवक एक म्हणजे कूळ एक, आणि कूळ एक म्हणजे बहीण. दुसरी मुलगी ठमाबाईंच्या मावसबहिणीच्या पोटची निघाली, म्हणजे बहीण. तिसरीचा पणजा आणि दत्तोबांचा पणजा एका पाटावर जेवलेले, एका भाऊकीतले निघाले. पुन्हा बहीण. चार सख्खे मामा होते, म्हणून मामाची पोरगी बघावी, तर चौघांना मिळून अकरा पोरं आणि पोरगी एक नाही.

अशी पाच वर्षं गेली. मुलगी परकी निघाली की जयवंतआबा म्हणायचे, आपल्यातली न्हाय. मुलगी आपल्यातली निघाली की ठमाबाई म्हणायच्या, भन हाय. परक्या सोडून एकोणीस मुली बघितल्या आणि एकोणीसच्या एकोणीस बहिणी झाल्या. त्यातल्या चौघी अजून कुरिअरनं राखी पाठवतात. एका श्रावणात युवराज त्या बांधून कामावर गेला, तर सुपरवायझरनं मनगट धरून विचारलं, "खलाटे, मशीनवर हातात काही घालायचं नसतं. इतक्या बहिणी कुठून आणल्या?"

"बघायला गेलतो, सर," युवराज म्हणाला.

हे ऐकून लॅबमधली एक मुलगी फस्सकन हसली. ती सई पुराणिक.

सईची कहाणी फार वेगळी नव्हती. इंदापूरला तिचे वडील चिंतामणराव हायस्कुलात भूमिती शिकवून निवृत्त झालेले. आई श्यामलाबाईंनी तीन वर्षं पत्रिका जुळवल्या होत्या. स्थळ त्यांच्यातलंच पाहिजे ही पहिली अट, आणि त्यांच्यातलं आलं की गोत्र एक निघायचं. सगोत्र म्हणजे भाऊ. सईचे सात भाऊ झाले होते. कंपनीच्या कँटीनमध्ये आपापल्या भावंडांच्या गोष्टी सांगता सांगता दोघं एका टेबलावर बसू लागली, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या तालुक्यात आपण दोघंच काय ते एकमेकांचे कुणी लागत नाही.

युवराजनं हे आईला सांगितलं तेव्हा गिरणी चालू होती. वरच्या पेटीत शेजारच्या रतनमावशीचे गहू होते.

"आई, मी एक मुलगी बघितलीय."

"आडनाव?" ठमाबाई ओरडल्या.

"पुराणिक."

ठमाबाईंनी गिरणी बंद केली. पट्टा फडफड करत थांबला. दळण अर्धं ठेवून गिरणी बंद करायची वेळ याआधी एकदाच आली होती, सासूबाई गेल्या तेव्हा. रतनमावशी गहू तिथंच टाकून तातडीनं बाहेर पडली आणि पाच घरं करून पंधरा मिनिटांत परत आली. तोवर जयवंतआबाही येऊन पोचले होते.

"एकच सांगतो," जयवंतआबा म्हणाले. "आपल्यातली असंल तर पयला हार म्या घालनार. नसंल तर माझ्या दारातलं कुत्रं बी मांडवात येनार न्हाय. आन मी काय जुन्या काळातला न्हाय, माझ्याकडं दोन मोबाईल हायत. आन आपल्यातली हाय का न्हाय ते ठमाबाईनं सांगायचं. त्यांच्या तोंडातनं नातं निघालं का मी गप."

इंदापुरात श्यामलाबाईंचंही ठरलेलं होतं. "आमच्यात असं कुणी केलेलं नाही," त्या सईला म्हणाल्या. "तरी मी एकदा येऊन बघते. पण त्या घरातल्या सगळ्यांनी आपली म्हटलं तरच. एकानंही परकी म्हटलं, तर मी तुला त्या घरात धाडणार नाही." आणि सईला आईचं मन मोडून लग्न करायचं नव्हतं. म्हणजे सगळं येऊन अडकलं ते जयवंतआबांच्या एका शब्दावर, आणि जयवंतआबांचा शब्द अडकला ठमाबाईंच्या तोंडात.

"आई," युवराज म्हणाला, "तू आजवर एकोणीस नाती काढली आणि एकोणीस लग्नं मोडली. आता एक नातं असं काढ, की त्यानं लग्न जमंल."

"असंल तर काढीन," ठमाबाई म्हणाल्या. "नसल्यालं नातं म्या कंदी काढलं न्हाय आन काढनार बी न्हाय. गिरनी हाय ही. जे वरनं टाकलं तेच खाली येतं."

रविवारी सकाळी पुराणिकांची गाडी पिंपळीत आली. पोहे झाले होते. ठमाबाईंनी दोनदा अंघोळ केली होती, तरी कानामागं आणि तळहातांवर थोडं पीठ राहिलं होतंच. जयवंतआबा मधल्या खुर्चीत फेटा घालून बसले होते. दत्तोबा दाराशी.

"नमस्कार," चिंतामणराव हात जोडून म्हणाले. "एका अर्थी आपली ही पहिलीच भेट."

"मंग दुसऱ्या अर्थी आदी कवा भेटलो?" ठमाबाईंनी आशेनं विचारलं.

"नाही, दुसऱ्या अर्थीही पहिलीच."

श्यामलाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पोहे बघून म्हणाल्या, "आमच्यात वरून खोबरं घालतात." मग घरातल्या चेहऱ्यांकडं बघून म्हणाल्या, "पण असेही छान लागतात हं."

ठमाबाईंनी खाकरून घेतलं. युवराज भिंतीला टेकून उभा होता, त्यानं डोळे मिटले.

"गाव कंचं म्हनायचं?"

"मूळचे आम्ही पैठणकडचे," चिंतामणराव म्हणाले. "पण चार पिढ्या इंदापूरच."

"मामा कुठलं?"

"मामा वारले."

"वारलं तरी कुठलं?"

"नांदेडचे."

ठमाबाईंच्या डोक्यातली गिरणी गरगर फिरली. नांदेडला त्यांचं कुणी नव्हतं. नांदेडकडून परभणी केली, परभणीकडून बीड केलं, बीडमध्ये एक चुलतसासरे भेटले, पण ते तिथं चुकून गेले होते. जयवंतआबा फेटा नीट करू लागले. उठायच्या आधी ते नेहमी फेटा नीट करतात.

"आन तुमचं म्हायेर?" ठमाबाई श्यामलाबाईंकडं वळल्या.

"बारामतीचं. कसब्यातलं."

"आईची बाळतपनं कुठं झाली?"

"अगंबाई, हे काय विचारणं झालं?" श्यामलाबाई म्हणाल्या, पण विषय आईचा निघाल्यावर त्यांना राहवेना. "बारामतीच्याच दवाखान्यात. दादाच्या वेळची तर आई फार गंमत सांगायची. शेजारच्या खाटेवर सोमेश्वरनगरची एक बाई होती. तिला सणकून ताप भरलेला, अंगावर दूध नाही. आणि तिची ती मुलगी, काय सांगू, सबंध दवाखाना डोक्यावर घ्यायची. शेवटी आईनंच तिला चार दिवस पाजलं. आई म्हणायची, दहा बाळांचा आवाज एकट्या त्या पोरीला होता. असला आवाज मी जन्मात पुन्हा ऐकला नाही."

खोलीतली सगळी माणसं सावकाश ठमाबाईंकडं वळली.

ठमाबाईंचं माहेर सोमेश्वरनगरचं. वडील कारखान्यात बॉयलरवर होते. आणि आवाज गिरणीनं दिला असा सगळ्या गावाचा जो समज होता तो त्या क्षणी पिंपळीतून गेला.

"ती म्या," ठमाबाई म्हणाल्या. "माजी आई सांगायची. हिरवं लुगडं, गोरी बाई, पोरगं पोटाशी असून दुसऱ्याच्या पोरीला घेतलं. नाव इचारायचं ऱ्हायलं म्हनून मरुस्तोवर हळहळली. आवं, मंग तुमी माजी भन की. दूधभन."

आणि त्यांनी उठून श्यामलाबाईंना कवेत घेतलं. श्यामलाबाईंच्या निळ्या साडीवर पाठीमागं पिठाचे दोन पंजे उमटले. ठमाबाईंना चार भाऊ, बहीण नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाली, तीही बारामतीची.

"एकच सांगतो," जयवंतआबांनी फेट्यावरचा हात काढला. "दूध म्हंजी रगताच्या वर. पोरगी आपल्यातलीच हाय. आन पेढं काडा. आन मला म्हाईतच व्हतं."

पेढे आले. युवराजनं डोळे उघडले. सईनं त्याच्याकडं बघून हळूच भुवया उडवल्या. चिंतामणराव म्हणाले, "एका अर्थी हा योगच."

"हां," दारातून दत्तोबा म्हणाले.

हा "हां" कुणीच आधी ऐकलेला नव्हता. त्याला शेवटी एक छोटा हेलकावा होता.

"ह्या तुजी भन?" दत्तोबांनी विचारलं.

"व्हय."

"म्हंजी युवराजची मावशी."

"व्हय की."

"मंग मावशीची पोरगी त्याची कोन?"

पेढा ज्याच्या त्याच्या तोंडात होता तिथंच राहिला.

"वीस," युवराज म्हणाला आणि भिंतीवरून घसरत खाली बसला.

"आयला," जयवंतआबा म्हणाले. "आपल्यातली न्हाय म्हनून जमत नव्हतं. आता आपल्यातली हाय म्हनून जमंना."

"फारच आपल्यातली झाली, एका अर्थी," चिंतामणराव म्हणाले.

ठमाबाई एवढं ऐकून गप बसणाऱ्या नव्हत्या. त्या गर्रकन चिंतामणरावांकडं वळल्या. चिंतामणराव खुर्चीत मागं सरकले.

"वडील काय करायचं तुमचं?"

"शिक्षक होते. आम्ही सगळे इंदापूरला, आणि ते नोकरीला एकटेच सोमेश्वरनगरला."

ठमाबाईंची पापणी वर गेली. "पुरानिक मास्तर? चष्म्याला दोरा?"

"दोराच. काडी मोडलेली होती."

"भात करपवायचं?"

"करपवायचे," चिंतामणराव भारावून म्हणाले. "सुट्टीत घरी आले तरी हौसेनं करपवायचे."

"अवो, त्यास्नी भन नव्हती. माजी आई दरसाली त्यास्नी राखी बांधायची आन भाताचं पातेलं घासून द्यायची."

"बाबांना बहीण नव्हतीच," चिंतामणराव म्हणाले. "आणि श्रावणात हातात राखी मात्र असायची. आम्हाला वाटायचं, शाळेतल्या मुली बांधत असतील."

"माज्या आईची ती राखी. मास्तर माजं मामा. तुमी माजं मामेभाव." ठमाबाईंनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी युवराजचं तुमी मामा, आन सई मामाची पोरगी."

मामाची पोरगी म्हटल्यावर खोलीची हवाच बदलली. या भागात मामाच्या पोरीबद्दल चौकशी करत नाहीत, तारीख विचारतात.

"मामाची म्हंजी हक्काची," जयवंतआबा म्हणाले. "ह्याच्यावर आता म्या काय बोलनार न्हाय. एकच सांगतो…"

"आमच्यातही चालते मामाची मुलगी," श्यामलाबाई त्यांना तोडून म्हणाल्या. दोन्ही घरांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं. सगळ्यांनी अर्धे राहिलेले पेढे गिळले. युवराज भिंत धरून उठला.

श्यामलाबाईंनी मात्र पेढा गिळता गिळता बोट वर केलं. भूमितीच्या मास्तरांबरोबर बत्तीस वर्षं काढलेली बाई, तिला आकृती पुरी करायची सवय.

"थांबा हं जरा. मी यांची बहीण."

"व्हय," ठमाबाई म्हणाल्या.

"आणि हे यांचे भाऊ."

"व्हय."

"मग मी आणि हे?"

चिंतामणराव हवेत बोटानं त्रिकोण काढू लागले, पुसला, पुन्हा काढला.

"एका अर्थी…" ते म्हणाले.

"कुठल्याच अर्थी नको," श्यामलाबाई म्हणाल्या.

"आई," सईनं विचारलं, "मग मी कोण?"

जयवंतआबांनी आपली खुर्ची चिंतामणरावांपासून वीतभर लांब घेतली. असल्या घरात सोयरीक करावी का, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"एक नातं काढाया पायजे," दत्तोबा दारातून म्हणाले.

"काढली की दोन," ठमाबाई ओरडल्या. "आता आनखी कुठनं काढू?"

"तसं न्हवं. त्यातलं एक काढून टाकाया पायजे."

मराठीत काढणं दोन्ही कामाला येतं. विहिरीतनं पाणी काढतात आणि पायातला काटाही काढतात. ठमाबाईंनी आजवर फक्त पाणी काढलं होतं. काढलेलं नातं परत काढून टाकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, कारण काढलेलं नातं कधी चुकलंच नव्हतं. तीन तालुक्यांतली माणसं लग्नाची सुपारी फोडायच्या आधी फोन करायची ते एवढ्याच भरवशावर.

"राखी काढली तर?" युवराजनं विचारलं.

"राखी काढली की मामा गेला," सई म्हणाली. "मग मी पुन्हा विसावी."

"म्हणजे दूधच काढायला हवं," चिंतामणराव म्हणाले. त्रिकोणाची एक बाजू त्यांनी हवेतल्या हवेत खोडली.

"अहो, पण माझ्या आईनं पाजलंय ते," श्यामलाबाई म्हणाल्या. "पाजलेलं कसं काढणार?"

ठमाबाई खाली बसल्या. समोर नवीन मिळालेली बहीण बसली होती, पाठीवर पिठाचे पंजे घेऊन. ती ठेवली तर पोराचं लग्न जाणार. पोराचं लग्न ठेवलं तर बहीण जाणार, आणि बहिणीबरोबर तीस वर्षांचा शब्दही जाणार. त्यांनी युवराजकडं बघितलं. तो आईकडं बघत नव्हता, पोह्यांच्या बशीत बघत होता. शेजारी सई होती, आणि ती आपल्या बशीतले शेंगदाणे एकेक करून त्याच्या बशीत टाकत होती. तीही बघत नव्हती. रोज दुपारी कँटीनमध्ये टाकत असणार, हाताला सवय झालेली दिसत होती. इकडं दोन घरांची दोन पिढ्यांची नाती मोडायला निघाली होती आणि तिकडं शेंगदाणे न चुकता चालले होते.

ठमाबाईंनी पदर सारखा केला.

"म्या वकले व्हते," त्या म्हणाल्या.

"काय?" जयवंतआबांनी कानामागं हात धरला. ठमाबाईंचं बोलणं पुन्हा विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"दूध. म्या वकले व्हते. पाजलं चार दिस, त्यात इकडचं तिकडं न्हाय. पन पोटात ऱ्हायलं न्हाय. जसं पाजलं तसं भाईर."

"समदं?"

"समदं."

"चारी दिस?"

"चारी दिस. टिपूस ऱ्हायलं न्हाय."

जयवंतआबा विचारात पडले. खोलीत एकटे दत्तोबा असे होते की ज्यांना खरं माहीत होतं. त्यांच्या सासूबाई, म्हणजे ठमाबाईंच्या आई, दर दिवाळीला सांगायच्या, चार दिवसांत पोरीनं असं बाळसं धरलं की दंडाला वळ्या पडल्या, आणि शेवटच्या दिवशी तर ती त्या बाईचं लुगडं सोडीना. दत्तोबांनी ठमाबाईंकडं बघितलं. ठमाबाई जमिनीकडं बघत होत्या, आणि कानामागच्या पिठासकट लाल झाल्या होत्या.

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "सासूबाई म्हनायच्या. लई वकली. नर्सबाईला तीनदा चादर बदलाया लागली, आन त्या नर्सबाईनं म्हनं तवाच सांगितलं, ही पोरगी कुनाचं ठिवून घेनारी न्हाय."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढं लांब वाक्य दत्तोबा घरात पहिल्यांदाच बोलले, आणि त्यात एकही शब्द खरा नव्हता. ठमाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुन्हा दाराच्या चौकटीत गेले.

"तरी बी," जयवंतआबा म्हणाले, "साक्ष दोन्हीकडनं पायजे. बाई, तुमची आई काय म्हनायची?"

सगळ्यांनी श्यामलाबाईंकडं बघितलं. श्यामलाबाई खोटं बोलत नसत. शेजारणीनं बटाटेवडे कसे झालेत विचारलं तर कसे झालेत ते सांगत.

"आई तर सांगायची," त्यांनी सुरुवात केली, "की ती मुलगी दूध पिऊन इतकी…"

त्यांना सईचा हात दिसला. त्यात एकच शेंगदाणा होता आणि तो थांबला होता.

"इतकी…" श्यामलाबाई म्हणाल्या, "इतकी ओकायची, की काही विचारू नका. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे हे."

चिंतामणरावांना माहीत नव्हतं. पण बत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोची बहीण होणं थोडक्यात टळल्यानं ते जोरजोरात मान हलवत होते.

"मंग झालं तर," जयवंतआबा उठले. "एकच सांगतो. पोटात न्हाय ऱ्हायलं ते नातं न्हाय. मास्तरची राखी ती पक्की. पोरगी मामाची, आपल्यातली, आन पयला हार माजा." ही तिसरी गोष्ट सांगून झाल्यावर ते खरंच घटकाभर गप झाले, आणि उरलेले पेढे घेऊन बसले.

युवराज खाली वाकून आईच्या पाया पडायला गेला, तर ठमाबाई म्हणाल्या, "माज्या नगं. जा, मामाच्या पड आदी." चिंतामणराव म्हणाले, "आता लग्नात मी मुलीचा बाप म्हणून पुढं उभं राहायचं, की मुलाचा मामा म्हणून पाठीमागं?" त्यावर जयवंतआबांनी सांगितलं, मांडव लहान घेऊ, म्हणजे पळाया सोपं जाईल.

या गडबडीत दोन बायका स्वयंपाकघरात गेल्या. ठमाबाईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. श्यामलाबाईंच्या मनात हळूहळू उजेड पडत होता. बहीण गेली, म्हणजे राहिला तो नवऱ्याकडचा संबंध. पंचवीस स्थळांतून त्यांनी चिंतामणराव निवडले ते केवळ एकुलते एक म्हणून. सासरी नणंद नको, ही त्यांची लग्नाआधीची एकच अट होती, आणि ती त्यांनी बत्तीस वर्षं निभावून नेली होती.

"तुमी बसा," ठमाबाई म्हणाल्या. "पावण्या हायसा."

"आता कसली पाहुणी," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि चहा स्वतः गाळला.

ठमाबाईंनी बशीत ओतून एक घोट घेतला. डोळे मिटले, उघडले.

"साखर कमी पडली, वैनी."

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग मांडणीकडं बघितलं.

"डबा तुमच्याच हाताशी आहे, वन्सं," त्या म्हणाल्या. "घ्या की."

ठमाबाईंनी दोन चमचे घेतले.